रोलर त्याचा, चौकटी माझ्या

खोली रंगवायची म्हटलं की कामाची वाटणी आपोआप होते, ज्याच्या हाताला आधी रोलर लागला त्याला भिंती आणि जो चहा टाकायला आत गेला त्याच्या वाट्याला चौकटी, खिडक्या आणि स्कर्टिंग. चहा मी टाकला. नवऱ्याच्या भिंती बघता बघता झाल्या, फोटो फॅमिली ग्रुपवर गेले, अंगठे आले, फुलं आली, आणि मी तेव्हा उकिडवी बसून खिळ्याच्या भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरत होते.

लोकांना वाटतं, पट्ट्याच तर आहेत, जाता जाता होतील. अहो, यात रंग लावणं हे सगळ्यात किरकोळ काम आहे. आधी जुन्या ऑइल पेंटची चकाकी घासून मारायची, नाहीतर वरून लावलेला पाण्याचा रंग नखानेसुद्धा सोलून निघतो. (घर फार जुनं असेल तर कोरडं घासूच नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, धूळ नाकात जाते.) मग लांबी, ती वाळली की आत बसते म्हणून परत लांबी, मग परत घासणं, आधी १२० नंबरचा जाडसर घासायचा पेपर मग २२० चा बारीक, मग ओलं फडकं, मग प्रायमर, आणि प्रायमरचा हात फिरला रे फिरला की इतका वेळ तोंड लपवून बसलेली भोकं एकदम हजर. परत लांबी.

भिंत बिचारी सोशिक, मॅट रंग सगळं पोटात घालतो. चौकटीला मात्र ग्लॉस हवा, का तर हाताचे डाग पुसता येतात, आणि ग्लॉसइतकं चुगलखोर काही नाही. संध्याकाळी तिरका उजेड आला की प्रत्येक खड्डा, कोपऱ्यातला ओघळ, रंगात अडकून वाळलेला ब्रशचा केस, सगळं उघडं.

त्यात भिंत आणि चौकटीमधली फट. ती कोणी एका महाभागाने सिलिकॉन भरून बुजवली होती. सिलिकॉनवर रंग धरत नाही, म्हणजे अजिबात नाही, ब्रश फिरवला की रंग थेंब थेंब होऊन बाजूला सरकतो. ते कटरने खरवडून काढा, मग रंग धरणारं ॲक्रिलिक सीलंट भरा आणि वरून ओलं बोट फिरवा. हे बोट फिरवणं मात्र मला मनापासून आवडलं, खोटं का बोला.

नवरा सल्ला द्यायला मोकळाच होता. "अगं टेप लाव आणि मार की रंग." टेपची कड नीट दाबली नाही तर रंग खालून पाझरतो, आणि पार वाळेपर्यंत ठेवली तर निघताना भिंतीचा रंग सोबत घेऊन येते. त्याच्या भिंतीचा! तेव्हा कुठे त्याला टेपचा विषय गंभीर वाटला. जरा ओलं असतानाच हळूच तिरकी ओढायची, आणि वाळलंच असेल तर आधी कडेने ब्लेड फिरवायचं.

शेवटी दार. हाताला वाळणं वेगळं आणि रंग पक्का होणं वेगळं, पाण्याच्या रंगाला नीट कडक व्हायला कित्येक आठवडे लागतात, तोवर दार घट्ट लावलं की दाराचा रंग चौकटीला चिकटतो आणि उघडताना टर्रकन सोलतो. मी घरात सगळ्यांना बजावलं, दाराखाली रद्दीची घडी कोंबली, शेवटचा हात मारल्यावर वर कागद लावला, "ओलं आहे, हात लावू नये". सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद मोठ्याने वाचला, बिजागरीच्या जरा वर अंगठा टेकवला आणि म्हणाल्या, "हो गं, ओलंच आहे."