वळकटी

वडिलांची बदलीची नोकरी, त्यामुळे लग्नाआधी मी निदान पन्नासदा तरी वळकटी बांधली असेल. स्थळ सांगून आलं तेव्हा सगळ्यांनी मुलाचा पगार विचारला, मी मात्र आत्याकरवी घरात पलंग आहे का तेवढं विचारून घेतलं होतं. होता. त्या पलंगावर छत्तीस वर्षं सुखाने काढली. मग मेलबर्नला लेकीकडे गेलो आणि तिने जुलैत आम्हा दोघांना डार्विनच्या विमानात बसवून दिलं. काकाडू नॅशनल पार्क, तीन दिवस, गाईडसकट. "आई, कॅम्पिंग आहे, पण सगळी सोय आहे गं."

काकाडू म्हणजे जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटर. आमच्यासारखे दोन सांगली जिल्हे बसवून वर जागा उरते. एवढ्या जागेत आम्ही दहा प्रवासी, एक गाईड आणि नाकाडावरून उंटाच्या मानेसारखा पाईप वर काढलेली गाडी. हा पाईप कशाला, असं ह्यांनी विचारलं. नदीतून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून, गाईड म्हणाला. प्रवाशांच्या श्वासाचं ह्यांनी विचारलं नाही. माझ्या मनात मात्र आलं.

डांबरी संपली आणि जिम जिम धबधब्याची वाट लागली. साठ किलोमीटर लाल माती, पन्हाळी पत्र्यासारखी लाटालाटांची. हळू गेलं तर लाट न् लाट मणक्यांना मोजता येते आणि वेगात गेलं तर गाडी लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जाते, हे गाईडचं शास्त्र. त्याने वेग घेतला. ह्यांनी न बोलता कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि वरच्या खिशात ठेवली. शेवटचे दहा किलोमीटर त्याहून खडबडीत. मग किलोमीटरभर दगडांवरून, बरंचसं बसून घसरत. एवढं करून पोचलो तर दीडशे-दोनशे मीटरचा ताशीव कडा, आणि त्यावरून ओल्या टॉवेलातून गळावं तेवढं पाणी. पावसाळ्यात धो धो कोसळतो म्हणे, पण तेव्हा रस्ता बंद. पाणी असतं तेव्हा रस्ता नसतो, रस्ता असतो तेव्हा पाणी नसतं. नगरपालिका आठवली.

खालच्या डोहात मंडळी पोहायला उतरली. तिथे दोरीला बांधलेला फोमचा एक गोळा तरंगत होता. तरंगतं काही दिसलं की मगर चावून बघते, रेंजर येऊन गोळ्यावर दातांचे ठसे आहेत का बघतात, असं गाईडने समजावलं. हे बँकेत इन्स्पेक्शनला होते. म्हणाले, "आणि मगरीचा त्या दिवशी उपास असला तर?" गाईड म्हणाला, "नो वरीज."

आता सांगलीकराला मगरीचं अप्रूप नाही. भिलवडी-औदुंबरकडे कृष्णेच्या काठावर मगर पडलेली असते, बायका "आली गं" म्हणून धुणं आवरतं घेतात. पण यलो वॉटरला बोटीतून जी खाऱ्या पाण्यातली मगर बघितली, ती आमच्या मगरीची मोठी जाऊ नव्हे, थेट आजेसासू. पाच मीटर तरी असेल. आणि इथल्या नद्यांची नावं काय, तर ईस्ट अॅलिगेटर, साउथ अॅलिगेटर! दोनशे वर्षांपूर्वी किंग नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने मगरी बघितल्या आणि त्यांना अॅलिगेटर समजून बसला. चूक कळल्यावरही कुणी पाटी बदलली नाही. सरकारी कामाची पद्धत सगळीकडे एकच.

आंब्यावर पानं चिकटवून घरटी करणारे आपले तांबडे डोंगळे असतात ना, तेच तिकडे हिरवे. गाईडने एक चिमटीत धरून त्याचं बूड जिभेला लावायला सांगितलं. लिंबासारखं लागतं, खरंच. मी त्यानंतर दोन दिवस कुठल्याही कोशिंबिरीत काय पिळलंय ते विचारून खाल्लं.

तर रात्र. गाईडने टपावरून कॅनव्हासच्या जाडजूड गुंडाळ्या धपाधप खाली टाकल्या. म्हणाला, हे तुमचे स्वॅग. पट्टे सोडले, उलगडलं; आत चार बोटं जाडीची गादी. मी बघतच राहिले. वळकटी! छत्तीस वर्षांपूर्वी सोडलेली वळकटी मला गाठायला विषुववृत्त ओलांडून आली होती, आणि लेकीने तिचे डॉलर मोजले होते.

पडल्यावर आभाळ मात्र असं दिसलं की पाठ दुखतेय हे विसरले. मग कुठेतरी एक बाई किंचाळली. हे ताडकन उठून बसले. मी म्हटलं, मी इथेच आहे. (तो करल्यू नावाचा पक्षी, हे सकाळी कळलं.) उठलोच आहोत तर जाऊन येऊ म्हणून कपाळाला बॅटरी बांधून निघालो. बसण्याआधी कमोड बघायचा, असं गाईडने बजावलं होतं. झाकण उचललं. काठाखालून तळहाताएवढा पोपटी बेडूक गळ्याची पिशवी हलवत माझ्याकडे बघत होता. अगदी शांत, घरमालकासारखा. मी "शुक शुक" केलं. तो आणखी आत सरकला, पण गेला नाही. शेवटी मीच बाहेर आले आणि सकाळ होईपर्यंत धीर धरला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हे सोपं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी उबिरला खडकांवरची चित्रं बघितली. माशाच्या आतला काटा न् काटा दाखवलेला, बाजारात कोळीण चिरून दाखवते तसा. वरून दिसणाऱ्या हिरव्या पाणथळीवर सूर्य टेकला तेव्हा सगळे गप्प झाले. फक्त ह्यांच्या भडंगाची कुरकुर ऐकू येत होती.

शेवटच्या सकाळी प्रत्येकाने आपापला स्वॅग गुंडाळायचा होता. एक जर्मन जोडपं त्यावर चक्क आडवं झालं होतं, तरी तो फुगून पट्ट्याबाहेर येत होता. मी आपला घेतला, कडा आत दुमडल्या, गुडघा रोवला, गुंडाळत हवा काढत नेली आणि पट्टा खेचला. दोन मिनिटं. मान वर केली तर सगळे उभे. मग जर्मनांचा बांधला, मग इतरांचे, मग गाईडचाही. तो म्हणाला, पुढच्या सीझनला कामाला या.

ह्यांनी खिशातून कवळी काढली, बसवली आणि पगार विचारला.