अ‍ॅपच्या पोटात जावा, आमच्या पोटात गोळा

अ‍ॅप्लिकेशन लिहिताना गळत नाही एवढा घाम 'यात जावा कुठली घातली आहे?' या एका प्रश्नाचं उत्तर देताना गळतो. हा प्रश्न ग्राहकाच्या खरेदी विभागाकडून येतो, एक्सेलच्या तक्त्यात येतो आणि शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी येतो. टीममधलं कोणीतरी त्या रकान्यात 'जावा, फुकट' असं ठोकून मोकळं होतं आणि तिथून साडेसाती सुरू होते.

गोम अशी की जावा (ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिची साधनं) कुठून उतरवली आणि ती कोणत्या तारखेची, यावर तिचे नियम ठरतात. जावाची मालक कंपनी ओरॅकल, तिची जावा 8 घ्या. अपडेट 202 पर्यंत, म्हणजे जानेवारी 2019 पर्यंत, रनटाइम (जावाचे प्रोग्रॅम चालवणारा भाग) काहीही न काढता, अख्खाच्या अख्खा अ‍ॅपसोबत द्यायची मुभा होती. एप्रिल 2019 मध्ये अपडेट 211 आलं आणि मुभा गेली. नाव तेच, लोगोतला कॉफीचा कप तोच. जुनं ठेवावं तर सुरक्षावाले ओरडतात, नवं घ्यावं तर वकील.

पुढे सप्टेंबर 2021 मध्ये जावा 17 विनाशुल्क अटींवर आली आणि मंडळींनी पेढे वाटले. पेढ्यांच्या नादात एक कलम वाचायचं राहिलं: रनटाइम पुढे वाटता येतो, पण ज्या उत्पादनात तो बांधलाय त्याचेही पैसे घ्यायचे नाहीत. एवढं उदार सॉफ्टवेअर आपण फक्त मेहुण्याच्या दुकानासाठी लिहितो. शिवाय या आवृत्तीची विनाशुल्क अपडेट्स सप्टेंबर 2024 नंतर थांबली.

'मग पैसे भरून टाकू' म्हणणाऱ्या साहेबांना जानेवारी 2023 चं दरपत्रक दाखवावं. 999 कर्मचाऱ्यांपर्यंत माणशी महिना 15 डॉलर. मोजायचं ते जावा वापरणाऱ्यांना नाही, तर नोकरीवर असलेल्या सगळ्यांना. अर्धवेळ आणि हंगामीसुद्धा, आणि अंतर्गत कामं बघणारे कंत्राटीही. 200 जणांची कंपनी आणि कोपऱ्यातल्या एकाच मशीनवर जावा, तरी वर्षाला 36,000 डॉलर. साहेब लगेच म्हणतात, 'ओपन सोर्सचं बघा जरा.'

तेच बघावं. एक्लिप्स टेमुरिनसारखी ओपनजेडीकेची, म्हणजे ओपन सोर्स जावाची, तयार बांधणी (बिल्ड) घ्यायची. तिला जीपीएल या ओपन सोर्स परवान्याची आवृत्ती 2 आणि सोबत 'क्लासपाथ अपवाद' नावाची सूट. या अपवादामुळे तुमचा कोड तुमचाच राहतो, तो उघडा करावा लागत नाही. रनटाइम मात्र जीपीएलचाच राहतो, आणि तो वाटताना त्याच्या अटी पाळाव्या लागतात.

आता रनटाइममधला 'लीगल' नावाचा फोल्डर उघडा, जो आजवर कोणी उघडलेला नाही. आत वापरलेल्या इतरांच्या लायब्रऱ्यांचे परवाने: झेडलिब, आयसीयू, फ्रीटाइप, लिबपीएनजी, हार्फबझ... लग्नपत्रिकेतल्या 'आपले नम्र'सारखी यादी. एका काकांचं नाव गळलं की रुसवा. विंडोजवर तर बऱ्याच मॉड्यूलच्या (जावाच्या सुट्या भागांच्या) परवाना-फाइलीत एकच ओळ असते: 'जावा.बेसमधली फाइल पाहा.' म्हणजे जागा वाचवायला कोणी या पायाच्या मॉड्यूलचा तो एक फोल्डर उडवला, की बाकीचे सगळे रिकाम्या जागेकडे बोट दाखवत उभे. वाचतात किती? काही किलोबाइट. उडवू नका.

जागा वाचवायचीच तर जावासोबत येणाऱ्या जेडेप्स या साधनाने लागणारी मॉड्यूल शोधा आणि जेलिंक या साधनाने तेवढ्यांचाच रनटाइम बनवा. 'लीगल' फोल्डर जेलिंक आपणहून सोबत घेतो. पण जेडेप्सला दिसतो फक्त थेट वापर. जावा 21 पर्यंत 'जेडीके.क्रिप्टो.ईसी' हे कूटलेखनाचं मॉड्यूल हाताने घालावं लागतं, नाहीतर अनेक एचटीटीपीएस सर्व्हर हँडशेकलाच (जोडणीच्या सुरुवातीच्या बोलणीलाच) नकार देतात आणि दोष नेटवर्कवाल्यांच्या माथी जातो. भाषांची माहिती असलेलं 'जेडीके.लोकेलडेटा' विसरलात तर मराठी तारखा गुपचूप इंग्रजीत छापल्या जातात. हे चाचणीत कोणालाच दिसत नाही, कारण चाचणी करणाऱ्याचं मशीन इंग्रजीत असतं.

शेवटचं लचांड सोर्सचं. जीपीएलच्या अटीनुसार बायनरी (थेट चालणारी फाइल) दिली की त्याच आवृत्तीचा सोर्स (मूळ कोड) द्यायचा किंवा किमान 3 वर्षं लागू राहील असा लेखी देकार द्यायचा. देकारात ईमेल कोणाचा? ज्याचा टाकाल तो 3 महिन्यांत नोटीस पिरियडवर. त्यापेक्षा टेमुरिन प्रत्येक आवृत्तीसोबत सोर्सचं जे आर्काइव्ह देतं, ते डाउनलोडच्या पानावर इन्स्टॉलरशेजारीच ठेवावं. कोणतं ठेवायचं हे मूळ जेडीकेतल्या (म्हणजे टेमुरिनच्या उतरवलेल्या संचातल्या) 'रिलीज' फाइलवरून कळतं. जेलिंक चालवण्याआधी ती बाजूला काढा, कारण नंतरच्या फाइलीत आवृत्ती आणि मॉड्यूलची यादी एवढंच उरतं, बांधणी कोणाची हे त्यात नसतं.