पिंपाचे परीक्षक

मांस आणि मासे यांना घरच्या घरी धुरी देण्यासाठी मी हेरून ठेवलेले पिंप परवा एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेले, आणि जाता जाता मला आरोग्याविषयी चार गोष्टी सुनावल्या. पिंप गेल्याचे दुःख नाही, पण उपदेशक सोकावतो. खरे तर दुःखही आहे.

तयार स्मोकर का घेत नाही, असे मला सगळेच विचारतात. विजेवरचा स्मोकर तापमान इमानेइतबारे राखतो, पण त्यात लाकूड जळण्याऐवजी नुसते कुढत असल्यामुळे धुराची चव बेताचीच उतरते. बाजूला अग्निपेटी असलेला आडवा स्मोकर दिसायला रुबाबदार असतो. मात्र स्वस्त नमुन्याचा पत्रा इतका पातळ असतो की वाऱ्याची झुळूक आली तरी आतले तापमान गडगडते. त्यातच तापमापक बसवलेला असतो झाकणात आणि मांस असते खाली जाळीवर, म्हणजे ११० ते १२० अंश सेल्सिअस राखायचे असताना आपण नेमके कशाचे तापमान पाहत आहोत, हे पाहणाऱ्यालाच कळत नाही.

पिंपाचे काम सरळ असते. तळाशी निखाऱ्यांची टोपली, वर जाळी, खाली हवेसाठी झडपा आणि झाकणाला धुराची वाट. हवा खालून बेताने द्यायची आणि वरची वाट मोकळी ठेवायची, कारण कोंडलेला धूर मांसावर कडवट काजळी धरतो. फक्त पिंप साध्या पोलादाचे, अस्तर नसलेले आणि पूर्वी खाण्याचाच पदार्थ भरलेले हवे. असे एक पिंप भंगारवाल्याकडे अखेर आले होते.

मी दुकानदाराशी बोलत असताना, जुना पंखा विकायला आलेले हे गृहस्थ मध्ये पडले. हातात छत्री होती आणि चेहऱ्यावर, जगाचे सारे चुकत असल्याची शांत खात्री. छत्रीच्या टोकाने त्यांनी पिंपावर दोन-तीनदा ठोकले, कान देऊन आवाज ऐकला आणि निकाल दिला, "हे घेऊ नका, गंजेल. ते जस्ताचा मुलामा दिलेले घ्या."

मी नम्रपणे सांगितले की जस्ताचा मुलामा निखाऱ्यांच्या आचेसाठी नसतो, आणि तो फार तापून त्याची वाफ छातीत गेली तर माणूस थंडीतापाने फणफणतो.

"जस्त शरीराला लागतेच. मला डॉक्टरांनी जस्ताच्या गोळ्या दिल्या आहेत."

"गोळी निराळी आणि धूर निराळा."

"आत गेले की सगळे सारखेच. बरे, यात करणार काय?"

मी सांगितले की मासे आधी मिठाच्या पाण्यात मुरवायचे, मग वाऱ्यावर सुकवून त्यांच्यावर चिकटसर पापुद्रा धरू द्यायचा, म्हणजे धूर नीट बसतो, आणि आतला भाग ६३ अंशांवर पोहोचेपर्यंत ते पिंपात ठेवायचे.

"म्हणजे शिजतात?"

"शिजतात."

"मग गॅसवर का नाही शिजवत?"

या प्रश्नाला उत्तर आहे. लाकडातले लिग्निन आचेने विघटित होताना जी सुगंधी संयुगे तयार होतात, ती गॅसच्या ज्योतीत नसतात. ते उत्तर मी सविस्तर दिलेही, पण तोवर दुकानदार मान डोलवत पलीकडच्या पक्षात गेला होता.

"तुमच्याकडे गॅस आहेच, तर हे पिंप मी घेतो," गृहस्थ म्हणाले. "पावसाचे पाणी साठवायला हवेच होते."

"पण ते गंजेल ना?"

"गंजू दे की. लोह शरीराला चांगले."

पंख्याच्या बदल्यात सौदा तिथेच पुरा झाला, आणि पिंप टेम्पोत चढवताना एक बाजू धरण्याची विनंती मलाच करण्यात आली.

आता दुकानात उरली आहेत ती अस्तराची पिंपे. आतले अस्तर कडक आगीने पुरते जाळून, पत्रा उघडा पडेपर्यंत घासल्याशिवाय त्यांत काही शिजवता येत नाही, आणि मुळात आत काय भरले होते हे सांगणारी चिठ्ठी प्रत्येकावरून साफ खरवडून काढलेली आहे. जे पिंप उद्या कोणाच्याही अन्नाला लागू शकते, त्यावरचा तेवढा एकच उपयोगी कागद फाडण्याची घाई कोणाला असते, कोण जाणे. तेलच असणार, असे दुकानदार ठामपणे सांगतो. कोणते तेल, असे विचारले तर म्हणतो, "पिंपातले."