क्वेरी हळू आणि बिल जाड कसं ठेवावं

डेटा क्लाउडवर टाकलाय ना? छान, आता तो पटकन सापडणार नाही एवढं फक्त बघायचं.

पहिलं म्हणजे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल) सोडायची नाही. पार्के (Parquet) हा डेटा साठवायचा फॉरमॅट 2013 पासून आहे म्हणून लोक मागे लागतील, पण त्याची खोड बघा, कॉलम वेगवेगळे ठेवतो, शिवाय फाइलच्या शेपटाला फूटर, त्यात प्रत्येक रो ग्रुपची (ओळींच्या गठ्ठ्याची) मिन-मॅक्स व्हॅल्यू, म्हणजे क्वेरी चालवणारं इंजिन आधी शेपूट वाचणार, नको ते ग्रुप सोडणार आणि हवे तेवढेच बाइट रेंज रिक्वेस्ट मारून (फाइलचा तेवढाच तुकडा मागून) उचलणार. असली चोंबडी फाइल काय कामाची? सीएसव्ही कशी, अख्खी वाचल्याशिवाय तोंड उघडत नाही. जीझिपने दाबून लहान केलीत तर सोन्याहून पिवळं, कारण ती मधूनच वाचता येत नाही, मग 50 वर्कर (एकत्र काम करणारी मशीनं) लावा, एक राबतो आणि 49 बघत बसतात.

समजा साहेबांनी पार्केची सक्तीच केली, तरी घाबरू नका. डेटा सॉर्ट करायचा नाही, बस. प्रत्येक ग्रुपमध्ये जानेवारीपण आणि डिसेंबरपण, मिन-मॅक्स बिचारे नुसते शोभेला (हे मी स्वतः करून बघितलंय, हमखास चालतं).

फाइली मात्र बारीक हव्यात, दर सेकंदाला एक, चार-पाच केबीची. एस3 (अॅमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) एका लिस्ट रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त 1000 नावं देतं, म्हणजे दहा लाख फाइली झाल्या की एकही ओळ वाचायच्या आधी नुसत्या हजेरीलाच 1000 रिक्वेस्ट. शेकडो एमबीच्या फाइलीत एकत्र करा म्हणणारे भेटतील, त्यांना मीटिंगलाच बोलवू नका.

पार्टिशन (डेटा फोल्डरांत वाटणं) करायचंच तर युजर आयडीवर करा, जेवढे युजर तेवढे फोल्डर. तारखेवर केलेलं असेल तर क्वेरीच्या व्हेअरमध्ये (म्हणजे अटीत) तारीख लिहायची नाही, झालं.

आणि क्वेरी कायम सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम मागणारी), कॉलम दोनच लागत असले तरी. अथेना या अॅमेझॉनच्या क्वेरी सेवेसारख्या ठिकाणी पैसे स्कॅन झालेल्या डेटाचे लागतात, उत्तर किती ओळींचं आलं त्याचे नाही, त्यामुळे शेवटी ऑर्डर बाय आणि लिमिट 10 (क्रम लावून फक्त दहा ओळी) लावून काटकसर केल्याचं समाधान बिनधास्त घ्या. मग ती क्वेरी डॅशबोर्डला जोडा, दर मिनिटाला रिफ्रेश.

बिल बघून कोणी विचारलंच तर डेटा खूप वाढलाय म्हणायचं आणि अजून मोठं मशीन मागायचं, शक्यतो क्लाउडच्या दुसऱ्या रीजनमध्ये (दुसऱ्या भागातल्या डेटा सेंटरात), म्हणजे डेटा इकडून तिकडे नेण्याचे पैसे वेगळे.