पातळ म्हणजेच देखणा?

लॅपटॉपच्या रूपावरच्या तुमच्या लेखातलं ‘जितका पातळ तितका देखणा’ हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मी दिवसभर थ्रीडी रेंडरिंग करते, म्हणजे संगणकाकडून त्रिमितीय चित्रं तयार करून घेते; त्यात प्रोसेसरवर खूप ताण येतो. आधीचा लॅपटॉप मी असाच रूपावर भाळून घेतला होता. रेंडर लावलं की दहा मिनिटांत कीबोर्डच्या वरची पट्टी एवढी तापायची की तिथे बोट टेकवत नसे. प्रोसेसर तापला की आपणहून वेग कमी करतो, म्हणजे ज्या वेगाचे पैसे मोजले तो मिळतच नाही. हे कसलं डिझाइन?

ॲपलने 2016 मध्ये आपल्या मॅकबुक प्रो लॅपटॉपमधून एचडीएमआय (बाहेरचा पडदा जोडायची खाच), एसडी कार्डचा स्लॉट आणि मॅगसेफ (चुंबकाने चिकटणारी चार्जिंगची जोडणी) काढलं, 2021 मध्ये तिन्ही परत आणलं. ते मॉडेल जरा थोराड दिसतं, पण मला तेच जास्त आवडतं.

आणि थिंकपॅड लॅपटॉपचा उल्लेखही नसावा याचं वाईट वाटलं. 1992 मध्ये डिझायनर रिचर्ड सॅपर यांनी जपानी बेंतो या जेवणाच्या डब्यावरून ते रूप घडवलं: बाहेरून साधा काळा चौकोन, झाकण उघडलं की जी, एच आणि बी या कळांच्या मधे तो लाल ठिपका. तो बोटाने ढकलला की हात कीबोर्डवरून न उचलता कर्सर हलतो. दिसणं आणि काम तिथे वेगळं काढताच येत नाही.

गेमिंग लॅपटॉपचे रंगीत दिवे मलाही नकोत, ते बंद करता येतात. मागची जाड जाळी मात्र राहू द्या, गरम हवा तिथूनच बाहेर पडते.