शिक्षेनंतरही शिट्ट्या
'कोर्टाने दोषी ठरवलं की चाहत्यांचे डोळे उघडतात' हे प्रसिद्ध व्यक्तींच्या गुन्ह्यांबद्दलच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. बॉक्सर माइक टायसनला १९९२ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या ज्युरीने बलात्काराबद्दल दोषी ठरवलं, जवळपास तीन वर्षं तो तुरुंगात होता. तरी लोकांचा प्रश्न त्या १८ वर्षांच्या मुलीलाच : एवढ्या रात्री त्याच्या खोलीवर गेलीच कशाला?

२०२२ मध्ये आपल्याकडच्या एका सिनेमात तो पाहुणा कलाकार होता. पडद्यावर आला आणि थिएटरभर शिट्ट्या. शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला मी त्या खटल्याचं सांगितलं, तर म्हणाला, "ताई, जुनं झालं गं ते, फाइट बघ." त्याला दोन मुली आहेत. उद्या त्यातली एखादी असं काही सांगत घरी आली, तर हा तिला पहिला प्रश्न कोणता विचारेल, याचीच मला धास्ती वाटते.