डीए बंद करून झालाय की! महागाई थांबली का?

‘सरकारी पगार वाढतात म्हणून महागाई वाढते’ हा फॉरवर्ड सध्या फिरतोय. त्यातले मुद्दे असे : सातव्या वेतन आयोगाने पगार २.५७ पट केले. त्यावर जुलै २०२४ पर्यंत डीएने, म्हणजे महागाई भत्त्याने, ५३ टक्के वाढ दिली. हा पैसा बाजारात येतो म्हणून भाव चढतात. खासगीवाल्यांना तर डीए नाहीच. तेव्हा डीए बंद करा, आणि आपणही घरकामाच्या मावशींना यंदा वाढ देऊ नका. आमच्या काकूंनी त्याला अंगठा देऊन तो घरच्या ग्रुपवर ढकलला, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

आधी ‘डीए बंद करा’ बघू. अहो, केलाय बंद! एप्रिल २०२० मध्ये केंद्राने जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ हे तिन्ही हप्ते गोठवले. दीड वर्ष भत्ता १७ टक्क्यांवर अडकून होता. ऑक्टोबर २०२० ची किरकोळ महागाई किती? ७.६१ टक्के. भाजी, अंडी, डाळी, सगळंच कडाडलं होतं. मग जुलै २०२१ पासून भत्ता एकदम २८ टक्के झाला (मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी बुडाली ती बुडालीच), आणि सप्टेंबरात महागाई उतरून ४.३५ वर आली. म्हणून डीए दिला की भाव उतरतात असं कुणी म्हणू नये. पण डीए रोखला की महागाई रोखली जाते, हे तर साफ खोटं.

आता ५३ टक्के. हा आकडा कुणाच्या मर्जीने ठरत नाही. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची मागच्या बारा महिन्यांची सरासरी घ्यायची. जून २०२४ पर्यंतची ती १३९.२ होती. निर्देशांकाचं आधार वर्ष बदलल्यामुळे तिला २.८८ ने गुणायचं : ४००.९०. त्यातून २०१५ ची सरासरी २६१.४२ वजा केली की उरतात १३९.४८. त्याला पुन्हा २६१.४२ ने भागलं की ५३.३५ टक्के. वरचे .३५ सोडून द्यायचे, आणि उरलेल्या ५३ टक्क्यांना मंजुरी मिळाली ती ऑक्टोबरात. म्हणजे भाव आधी चढले, भत्ता मागून आला, तोही अपूर्णांक कापून. खरी वाढ म्हणायची तर वर्षाची ३ टक्क्यांची वेतनवाढ, बस्स.

२.५७ पटीची गंमत तर आणखी सोपी आहे. सहाव्या आयोगातलं किमान मूळ वेतन ७,०००, सातव्यात १८,०००. पण जानेवारी २०१६ चा डीए धरला तर तो १२५ टक्के होता, म्हणजे ७,००० चे जुन्याच हिशोबाने १५,७५० झालेलेच होते. तिथून १८,००० म्हणजे वाढ साधारण १४ टक्क्यांची, तीही दहा वर्षांनी एकदा. जुना डीए मूळ पगारात मिसळला आणि लोकांना वाटलं लॉटरी लागली.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. जुलै २०१७ मध्ये घरभाडे भत्ता वाढला तेव्हा महागाईचा आकडा थोडा वर सरकला होता, कारण किरकोळ महागाईच्या निर्देशांकात घरभाडंही धरलेलं असतं. रिझर्व्ह बँक तेव्हा तो परिणाम वेगळा काढून सांगायची. पण त्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा ४५.८६ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये महागाई ७.४४ वर गेली ती टोमॅटोने. तो काय वेतन आयोगाने पिकवला नव्हता.

‘खासगीवाल्यांना डीए नाही’ हे बऱ्याच जणांच्या बाबतीत खरंच. पण मग तुमचा मागायचा, की दुसऱ्याचा काढायचा?

राहिल्या मावशी. काकू, हिशोब तोच. जानेवारी २०१६ मध्ये महिन्याला २,००० देत असाल, तर जुलै २०२४ मध्ये ३,०६० दिलेत तरी त्या होत्या तिथेच आहेत. २,५०० देत असाल तर त्यांचा पगार तुम्ही कापलाय.